सोळा माणसांच्या वजनावर उभारलेला बाजार

हिरव्या कॉफीचा अर्क घेतल्याने वजन उतरते, असे सांगणाऱ्या जाहिरातींत 'संशोधनाने सिद्ध' हे दोन शब्द हमखास भेटतात. ते संशोधन कोणते, कोठे झाले, किती माणसांवर झाले आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगण्याची तसदी विक्रेता घेत नाही. विचारण्याची तसदी ग्राहकही घेत नाही. उत्तर फारसे अवघड नाही. ज्या एका चाचणीने या अर्काला जगभर प्रसिद्धी मिळाली ती भारतात, बंगळुरूमध्ये झाली. तिच्यात सोळा माणसे होती. तिचा शोधनिबंध जानेवारी २०१२ मध्ये छापून आला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या दोन लेखकांनी तो मागे घेतला, कारण आकडे खरे असल्याची हमी देता येत नव्हती. आडात नव्हते ते पोहऱ्यात आले होते. आड कोरडा असल्याचे जाहीर होऊन दहा वर्षे उलटली, तरी पोहरा अजून बाजारात फिरतोच आहे.

हे प्रकरण एका फसलेल्या गोळीपुरते मर्यादित नाही. विज्ञानाचे नाव कसे उसने घेतले जाते, भारतातील चाचणीचा शिक्का परदेशी बाजारात कसा खपवला जातो आणि त्याच मालाची जाहिरात उलट फिरून भारतीय ग्राहकाच्या मोबाइलवर कशी येते, याचा हा धडा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो मुळापासून वाचावा असाच आहे.

प्रथम वस्तू कोणती ते पाहावे. 'हिरवी कॉफी' ही कॉफीची निराळी जात नव्हे. कॉफीच्या फळातील बी वाळवून, सोलून, पण न भाजता ठेवली की तिला व्यापारात हिरवी कॉफी म्हणतात. चिकमगळूर, कोडगू, वायनाड येथील मळ्यांतून पोत्यांत भरून बाहेर जाते ती हीच. भारताच्या कॉफी उत्पादनाचा सुमारे ७० टक्के वाटा एकट्या कर्नाटकाचा आहे. तेव्हा ज्याला दूरदेशीचे गुपित म्हणून सोनेरी झाकणाच्या बाटलीत भरले जाते, ते दक्षिण भारतातील गोदामात शतकानुशतके पडून असलेले साधे बी आहे.

या बीमध्ये क्लोरोजेनिक आम्ले नावाच्या संयुगांचा गट भरपूर असतो. कोरड्या वजनाच्या सहा ते दहा टक्क्यांच्या आसपास त्याचे प्रमाण भरते. कॉफी भाजली की उष्णतेने या आम्लांचा मोठा भाग विघटित होतो आणि भाजण्याचा रंग जितका गडद तितका ऱ्हास अधिक. म्हणून न भाजलेल्या बीचा अर्क काढायचा, हा या धंद्याचा रासायनिक आधार. येथवर सारे खरे आहे. यापुढचे पाऊलही विचारात घेण्याजोगे आहे: परीक्षानळीत क्लोरोजेनिक आम्ल यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या विकराला अडवते असे आढळले आहे. हे विकर यकृतातून रक्तात साखर सोडण्याच्या वाटेवरचे शेवटचे दार आहे. ते किंचित लोटून धरले तर रक्तातील साखर घटेल, शरीर साठवलेल्या चरबीकडे वळेल, अशी कल्पना मांडता येते.

कल्पना मांडणे हा विज्ञानात गुन्हा नाही; कल्पना तेथेच तर सुरू होते. परंतु परीक्षानळीतील विकर आणि माणसाची कंबर यांच्यामध्ये आतडे आहे, आतड्यातील जीवाणू आहेत, यकृत आहे, भूक आहे आणि सवयी आहेत. या साऱ्यांतून संयुग पार पडते की नाही, हे माणसांवर काटेकोर चाचणी घेतल्यावाचून कळत नाही. २०१३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी चरबीयुक्त आहारावरील उंदरांना क्लोरोजेनिक आम्ल दिले. उंदरांचे वजन घटले नाही. उलट त्यांच्यात इन्शुलिनला होणारा प्रतिरोध वाढला आणि यकृतात चरबी अधिक साठली. एका प्राणिप्रयोगावरून माणसाबद्दल अंतिम निर्णय देता येत नाही, हे मान्य. पण मग एका परीक्षानळीवरूनही तो देता येत नाही, हेही मान्य करावे लागते. विक्रेत्याला पहिले वाक्य पाठ असते. दुसरे तो सोयीने विसरतो.

आता चाचणीकडे वळावे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील 'अप्लाइड फूड सायन्सेस' ही कंपनी हिरव्या कॉफीचा अर्क तयार करून पूरक आहार बनवणाऱ्यांना विकत असे. तिने २०१० मध्ये भारतातील संशोधकांना पैसे देऊन ही चाचणी करवून घेतली. सोळा स्थूल प्रौढ, आठ स्त्रिया आणि आठ पुरुष. प्रत्येकाने सहा आठवडे अर्काची मोठी मात्रा घ्यायची, सहा आठवडे लहान मात्रा आणि सहा आठवडे गुण नसलेली लटकी गोळी. मध्ये दोन-दोन आठवड्यांची विश्रांती. एकूण बावीस आठवडे. कोणाला काय आधी मिळेल याचा क्रम बदलता. मोठी मात्रा दिवसाला १,०५० मिलिग्रॅम, लहान ७०० मिलिग्रॅम. निष्कर्ष असा छापला गेला की सरासरी वजन सुमारे आठ किलोंनी, म्हणजे मूळ वजनाच्या साडेदहा टक्क्यांनी घटले आणि शरीरातील चरबी सोळा टक्क्यांनी कमी झाली.

हा निबंध समोर आला तेव्हा कोणत्याही चौकशीआधी, नुसता कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही काही प्रश्न पडायला हवे होते.

पहिला प्रश्न संख्येचा. सोळा माणसे हा विज्ञानात निष्कर्षाचा आकडा नव्हे, चाचपणीचा आहे. एखाद्याच्या घरचे लग्न, दुसऱ्याचा उपवासाचा महिना, तिसऱ्याचा ताप एवढ्यानेही सोळांची सरासरी हलते.

दुसरा प्रश्न रचनेचा. एकाच माणसाला आळीपाळीने गोळी आणि लटकी गोळी देण्याची पद्धत उपयोगी असते, पण तिची एक अट आहे. दोन टप्प्यांच्या मधल्या काळात शरीर मूळ स्थितीला परत आले पाहिजे. रक्तदाबाच्या काही औषधांत हे घडते. वजन मात्र दोन आठवड्यांत मूळ जागी परतण्याची खात्री देता येत नाही. पहिल्या टप्प्यात उतरलेले वजन दुसऱ्या टप्प्याच्या हिशेबात घुसते आणि कोणत्या गोळीचा कोणता परिणाम, हे वेगळे काढता येत नाही.

तिसरा प्रश्न लपवालपवीचा. चांगल्या चाचणीत कोण काय घेत आहे हे घेणाऱ्यालाही कळू नये लागते. येथे मोठी मात्रा आणि लटकी गोळी दिवसातून तीनदा होती, लहान मात्रा दोनदा. दिवसातून दोनदाच गोळी घेणाऱ्याला आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे ओळखायला संख्याशास्त्राची गरज नव्हती.

चौथा प्रश्न साध्या अंकगणिताचा आणि तोच सर्वांत बोलका. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. आठ किलोंची घट सगळी चरबीची धरली तर सुमारे ६१,६०० किलोकॅलरी होतात. अर्क प्रत्यक्ष पोटात गेला तो बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस. भागाकार केला की दिवसाला सुमारे ७३० किलोकॅलरी येतात. घटलेल्या वजनात काही भाग पाण्याचा आणि स्नायूंचा धरला तरी आकडा पाचशेच्या वरच राहतो. घरगुती हिशेबात सांगायचे तर दिवसाला पाच ते सात पोळ्या ताटातून उचलून ठेवण्याइतका हा परिणाम झाला. एक ग्रॅमभर अर्काने, आहार-व्यायामात काही न बदलता, हे घडले असेल तर ती वैद्यकशास्त्रातील खळबळजनक घटना होती. तिची पडताळणी करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी धाव घ्यायला हवी होती. आणि घडले नसेल तर कोठेतरी आकडे चुकले होते. तिसरी शक्यता नव्हती.

आकडे चुकले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तेथील ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या आयोगाने, सप्टेंबर २०१४ मध्ये या कंपनीविरुद्धची तक्रार आणि तडजोड जाहीर केली. आयोगाच्या तक्रारीनुसार भारतातील प्रमुख संशोधकाने सहभागी व्यक्तींची वजने आणि इतर महत्त्वाची मोजमापे वारंवार बदलली, चाचणीचा कालावधी बदलला आणि कोण अर्क घेत होते व कोण लटकी गोळी, याच्या नोंदीही चुकीच्या दिल्या. हा संशोधक निबंध छापून आणू शकला नाही, तेव्हा कंपनीने पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन विद्यापीठाचे जो व्हिन्सन आणि ब्रायन बर्नहॅम यांना तो नव्याने लिहिण्याचे काम पैसे देऊन सोपवले. त्यांच्या हाती आलेली माहिती परस्परविसंगत होती. तरीही कंपनीने किंवा या दोघांनी मूळ नोंदींची सत्यता पडताळून पाहिली नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. कंपनीने ३५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. यापुढे वजन घटवण्याचा दावा करायचा तर माणसांवरील किमान दोन नीट नियंत्रित चाचण्यांचा आधार हवा, अशी अटही तिच्यावर घालण्यात आली. पुढच्याच महिन्यात निबंध मागे घेतला गेला.

या घटनाक्रमातील एक तपशील विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहभागी व्यक्तींना आहार कमी करण्याच्या आणि व्यायाम वाढवण्याच्या सूचना दिलेल्या होत्या, असे आयोगाने नमूद केले. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र आहार वा व्यायामाविना वजन घटल्याचे म्हटले होते. म्हणजे जो आकडा खोटा ठरला त्याच्याही वर आणखी एक खोटे रचलेले होते.

निबंधाला इतके बळ कोठून मिळाले? शास्त्रीय नियतकालिकातून ते मिळाले नव्हते. मार्च २०१२ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सॅन दिएगो येथील अधिवेशनात हे काम मांडले गेले आणि वृत्तसंस्थांनी त्याच्या बातम्या केल्या. एप्रिलमध्ये मेहमेत ओझ या हृदयशल्यविशारदाच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात हिरव्या कॉफीचे गोडवे गायले गेले. त्या भागात तज्ज्ञ म्हणून आलेल्या पाहुण्याच्या कंपन्यांनी याच अर्काची विक्री मांडली होती. पुढे २०१५ मध्ये त्या प्रकरणात आयोगाशी ९० लाख डॉलरची तडजोड झाली. फ्लोरिडातील आणखी एका विक्रेत्याने बातम्यांच्या संकेतस्थळांसारखी दिसणारी बनावट पाने उभारून महिन्याच्या गोळ्या सुमारे ५० डॉलरना विकल्या आणि मे २०१४ मध्ये आयोगाने त्याच्यावर दावा लावला. जून २०१४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे अध्यक्षा क्लेअर मॅकॅस्किल यांनी ओझ यांना धारेवर धरले, तेव्हा आपली भाषा अलंकारिक होती एवढे त्यांनी कबूल केले. अलंकार साहित्यात शोभतो. डॉक्टराच्या तोंडी, गोळीच्या बाबतीत, त्याचे दुसरे नाव फसवणूक आहे.

ओझ यांनीच सप्टेंबर २०१२ मध्ये शंभर स्त्रियांना दोन आठवडे गोळ्या देऊन आपली 'पडताळणी' दाखवली होती. अर्क घेणाऱ्यांचे सरासरी दोन पौंड उतरले, लटकी गोळी घेणाऱ्यांचे एक पौंड. दोन आठवड्यांत एका पौंडाचा, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचा फरक. पाणी पिण्याच्या वेळेने किंवा सकाळ-संध्याकाळच्या मोजणीनेही तराजूचा काटा एवढा सरकतो. तरीही प्रेक्षकांपुढे त्याला यश म्हणून ठेवले गेले. यातून कळण्यासारखी खरी गोष्ट निराळीच होती: लटक्या गोळीनेही वजन उतरते, कारण कोणीतरी मोजणार आहे हे कळताच माणूस ताटाकडे जरा सावधपणे पाहू लागतो.

येथे अर्काचे पाठीराखे तीन युक्तिवाद पुढे करतात. तिन्हींची उत्तरे देणे भाग आहे.

पहिला युक्तिवाद असा की, एक निबंध खोटा ठरला म्हणून काय झाले, इतरही चाचण्या आहेत. आहेत खऱ्या. ब्रिटनमधील एक्सेटर येथील ओनाक्पोया, टेरी आणि अर्न्स्ट यांनी २०११ मध्ये, म्हणजे बंगळुरूचा निबंध येण्यापूर्वीच, तोवरच्या तीन चाचण्यांचे आकडे एकत्र केले होते. सरासरी फरक आला २.४७ किलोंचा. पण त्याच लेखकांनी स्पष्ट लिहिले की परिणाम माफक आहे, चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांची गुणवत्ता कमी आहे आणि अधिक काटेकोर चाचण्या झाल्याशिवाय शिफारस करता येणार नाही. कमकुवत विटा एकत्र रचल्या म्हणून भिंत मजबूत होत नाही. शिवाय हा युक्तिवाद करणाऱ्याने एक प्रामाणिकपणा पाळावा: जाहिरातीत आठ किलो सांगायचे आणि वादात अडीच किलोंवर यायचे, हा शास्त्रीय चर्चेचा मार्ग नव्हे. बाजारातील घासाघीस अशी असते.

दुसरा युक्तिवाद 'नैसर्गिक' या शब्दाचा. कॉफी नैसर्गिक आहे, मग अपाय कसला? धोत्राही नैसर्गिक आहे. कॉफीचा अर्क धोत्र्याच्या पंक्तीत बसत नाही, हे खरे. पण 'नैसर्गिक' या शब्दाने सुरक्षितता सिद्ध होत नाही एवढे या उदाहरणावरून पुरेसे कळते. हिरव्या बीमध्ये कॅफीनही असते आणि अर्कात ते किती उरले हे अर्क काढण्याच्या पद्धतीवर ठरते. बाटलीवर ते नेहमीच स्पष्ट लिहिलेले नसते. ज्याची झोप आधीच उडालेली आहे, ज्याचे हृदय धडधडते, ज्या स्त्रीला दिवस गेले आहेत, जो रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे घेतो, त्याच्यासाठी ही माहिती क्षुल्लक नव्हे. दिवसाला दोन ग्रॅम क्लोरोजेनिक आम्ल दिल्यावर रक्तातील होमोसिस्टीनचे प्रमाण वाढल्याचेही एका नियंत्रित अभ्यासात आढळले आहे. वाढ थोडी होती. पण संयुगाचा शरीरावर परिणाम होतो असे मानायचे, तर तो केवळ हवा तोच होईल असा हट्ट धरता येत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत निरुपद्रवी वाटतो आणि सर्वांत घातक आहे: फायदा नसेना का, नुकसान तर नाही! नुकसान आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले; त्याआधीच्या फेरीत हेच आकडे २०.६ आणि १८.९ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. हे लोक काल्पनिक ग्राहक नाहीत. ज्या सहा महिन्यांत रक्त तपासून, आहार सुधारून, गरज असल्यास वैद्यांकडे जाऊन रोगाची चाहूल ओळखता आली असती, ते सहा महिने एका बाटलीमागून दुसरी बाटली रिकामी करण्यात जातात. पैसे जातात ते वेगळेच. आणि गोळीने वजन उतरले नाही की माणूस दोष गोळीला देत नाही, स्वतःला देतो: आपल्यातच चिकाटी नाही, आपले शरीरच वाईट. खोट्या औषधाची ही सर्वांत क्रूर बाजू आहे.

आता प्रश्न भारतीय कायद्याचा. कायदे नाहीत असे नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्थूलता स्पष्टपणे नमूद आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर जाहिरातीत चेहरा दाखवणाऱ्यालाही जबाबदार धरले आहे: पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड. पूरक आहारासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियमावली आहे आणि अशा वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते.

मग जाहिराती चालतात कशा? शब्दांच्या फटीतून. १९५४ चा कायदा औषधांसाठी आहे आणि शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तूंची व्याख्या करताना त्याने अन्नाला वगळले आहे. म्हणून विक्रेता अर्काला अन्न म्हणतो. अन्नाने रोग बरा करण्याचा दावा करू नये, म्हणून तो 'स्थूलतेवर उपाय' असे लिहीत नाही. 'वजन व्यवस्थापनास साहाय्यक' असे लिहितो. वेष्टनावर एका बाजूला बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' आणि दुसऱ्या बाजूला सैल झालेली पँट पुढे ओढून हसणारी स्त्री. अक्षरे कायद्यासाठी असतात, चित्र ग्राहकासाठी. कायदा अक्षरे वाचतो आणि समाधानी होतो.

चाचण्यांच्या बाबतीतही अशीच फट आहे. भारताची वैद्यकीय चाचणी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्या तिच्यात आधी नोंदवणे बंधनकारक झाले. या नोंदणीचे मोल बंगळुरूच्या प्रकरणावरून नेमके कळते. चाचणी किती आठवड्यांची, किती माणसांची, काय मोजणार, हे सुरुवातीलाच जाहीर नोंदले गेले की मागाहून कालावधी बदलणे उघडे पडते. पण पूरक आहार औषध ठरत नाही, म्हणून त्याच्या चाचणीला तो आदेश लागू होत नाही. जो पदार्थ औषधासारखा विकला जातो, औषधासारखा गिळला जातो आणि औषधासारख्या चाचणीचा दाखला मिरवतो, तो परीक्षेच्या वेळी मात्र अन्न होतो.

या प्रकरणात भारताची स्वतःची अब्रूही पणाला लागली होती. परदेशी कंपन्या भारतात चाचण्या करतात, कारण येथे प्रशिक्षित डॉक्टर आहेत, रुग्ण आहेत आणि खर्च कमी आहे. यात गैर काही नाही. प्रामाणिक चाचण्या करणारी रुग्णालये आणि संशोधक देशात असंख्य आहेत. परंतु बंगळुरूच्या चाचणीचे सत्य बाहेर आले ते वॉशिंग्टनमधील एका आयोगाच्या चौकशीतून आणि तेही अमेरिकी ग्राहकाच्या पैशांच्या रक्षणासाठी. ज्या सोळा जणांनी बावीस आठवडे गोळ्या गिळल्या आणि तराजूवर उभे राहिले, त्यांच्या शरीराचे खरे आकडे काय होते, हे आजही कोणाला ठाऊक नाही. त्यांनी विज्ञानाला दिलेला वेळ आणि विश्वास वाया गेला, त्याची किंमत कोणत्याही तडजोडीच्या रकमेत धरलेली नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असायला हव्यात. वजन, साखर, रक्तदाब यांवर परिणामाचा दावा करणाऱ्या प्रत्येक पूरक पदार्थाच्या मानवी चाचणीला आगाऊ नोंदणी बंधनकारक व्हावी. 'संशोधनाने सिद्ध' असे लिहिणाऱ्याने वेष्टनावरच त्या संशोधनाचा नोंदणीक्रमांक द्यावा, म्हणजे कोणताही विद्यार्थी मोबाइलवर दोन मिनिटांत ते पडताळू शकेल. मागे घेतलेल्या निबंधाचा आधार घेणारी जाहिरात आपोआप दिशाभूल करणारी मानली जावी. आणि चित्रालाही अक्षराइतकेच दाव्याचे वजन द्यावे. सैल पँटचे छायाचित्र हा दावाच आहे.

हे होईपर्यंत विज्ञानाच्या विद्यार्थ्यावर एक काम येऊन पडते. घरात, वसतिगृहात, नात्यात कोणीतरी ही बाटली दाखवून विचारतेच: हे घ्यावे का? अशा वेळी हसून उडवून लावणे सोपे असते आणि निरुपयोगीही. वजनाने त्रासलेल्या माणसाला उपहासाचा पुरेसा अनुभव असतो. त्याच्यासमोर बसून चार प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. किती माणसांवर तपासले? कशाशी तुलना केली? पैसे कोणी दिले? आणि तो निबंध आज टिकून आहे का? पहिल्या प्रश्नाला सोळा, दुसऱ्याला घोळ, तिसऱ्याला विक्रेता आणि चौथ्याला नाही, अशी उत्तरे आली की बाटली आपोआप खाली ठेवली जाते.

कॉफीने कोणाचे काही वाईट केलेले नाही. मलनाडच्या सावलीत वाढणारे ते बी भाजून, दळून, गाळून, दुधासोबत वा दुधाविना प्यावे. त्याचा सुगंध घ्यावा आणि कपभर तरतरी मिळवावी. एवढे त्याच्याकडून मिळते आणि तेवढे पुरेसे आहे. त्याच्या खांद्यावर जे ओझे ठेवले गेले ते सोळा माणसांच्या बदललेल्या आकड्यांचे होते. ते आकडे ज्यांनी छापले त्यांनीच मागे घेतले. आता बाजारानेही ते मागे घ्यावेत, एवढेच न्याय्य आहे.